महासभा सर्वोच्च असेल, सार्वभौम नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिकेत एखादा ठराव अडला की ‘महासभा सार्वभौम आहे’ हे वाक्य बातम्यांत हमखास येते. विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की ‘सार्वभौम सभागृहाचा’ अवमान होतो. पेठ-सुरगाण्याकडच्या बातमीत ग्रामसभा सार्वभौम ठरते, आणि अर्थविषयक पानावर सोन्याचे रोखेही सार्वभौम असतात. भाषणाच्या ओघात कोणी कोणता शब्द वापरावा यावर कोणाचे बंधन नाही. पण मथळा, अग्रलेख आणि भाषांतर यांत हा शब्द नुसत्या ‘सर्वांत मोठा’ या अर्थाने पडू लागला की वाचकाची कायद्याची समज बिघडते. या शब्दाचा उगम एक, जुना वापर दुसरा आणि आजचा अर्थ तिसरा आहे. त्यांतले पहिले दोन समजून घ्यायला नाशिककराला आरतीच्या ताटापासून पांडवलेण्यांपर्यंत गेले तरी पुरते. पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच झाली तर ती व्याकरणाला न लावता इतरत्र लावावी, ही विनंती.

‘सर्वभूमि’ म्हणजे सगळी पृथ्वी. ‘त्याचा स्वामी’ या अर्थी प्रत्यय सांगताना पाणिनीने दोन शब्द एकत्र घेतले आहेत, सर्वभूमि आणि पृथिवी (अष्टाध्यायी ५.१.४१ व ४२). पहिल्याला अण् प्रत्यय लागून सार्वभौम झाला, दुसऱ्याला अञ् लागून पार्थिव. दोघांचाही मूळ अर्थ राजाच. पार्थिवाचे मराठीत पुढे काय झाले ते आपण रोज वाचतो: ‘पार्थिवावर अंत्यसंस्कार’. मातीची गणेशमूर्ती ‘पार्थिव’ म्हणतात तिथे अर्थ ‘पृथ्वीपासून घडवलेली’ असा आहे, म्हणजे शब्द तोच पण प्रत्ययाचा अर्थ वेगळा. एकाच सूत्रातून निघालेल्या दोन शब्दांपैकी एक संविधानाच्या पहिल्या ओळीत गेला आणि दुसरा शोकवार्तेत.

लिहिताना होणारी चूकही याच व्याकरणात आहे. असे प्रत्यय लागले की साधारणपणे शब्दाच्या फक्त पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे अ चा आ, इ-ए चा ऐ, उ-ओ चा औ. सर्वजनपासून सार्वजनिक होतो, ‘सार्वजानिक’ होत नाही, सर्वकालपासून सार्वकालिक. सर्वभूमि मात्र ज्या गणात मोडतो त्या गणातल्या शब्दांत दोन्ही पदांच्या पहिल्या स्वरांची वृद्धी होते (७.३.२०). म्हणून ‘सर्व’चा ‘सार्व’ आणि ‘भूमि’चा ‘भौम’. परलोकपासून पारलौकिक, अधिदेवपासून आधिदैविक, अधिभूतपासून आधिभौतिक हे त्याच घडणीचे. तेव्हा ‘सर्वभौम’ चूक, ‘सार्वभूम’ चूक आणि घाईत टंकलेला ‘सार्वभोम’ तर कुठल्याच सूत्रात बसत नाही. भाववाचक नाम सार्वभौमत्व किंवा सार्वभौमता, दोन्ही शुद्ध. ‘सार्वभौमिकता’ हे हिंदीचे वळण आहे. त्याच्याविषयी पुढे.

हा शब्द गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत घरोघरी दोन वेळा उच्चारला जातो. मंत्रपुष्पांजलीतली तिसरी ऋचा म्हणून आपण जे म्हणतो (ती खरे तर ऋचा नाही, गद्य आहे), ते ऐतरेय ब्राह्मण या ऋग्वेदाच्या यज्ञविधिग्रंथाच्या आठव्या पंचिकेतले (भागातले) आहे: ‘साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं वैराज्यं पारमेष्ठ्यं राज्यं’ इथून ‘एकराळिति’पर्यंत. त्यात ‘समन्तपर्यायी स्यात् सार्वभौमः’ असे येते. समन्त म्हणजे चोहोकडच्या सीमा, तिथवर ज्याचा अंमल पोचतो तो समन्तपर्यायी. सगळ्या भूमीचा स्वामी तो सार्वभौम. ‘सार्वायुष’ म्हणजे पूर्ण आयुष्य लाभलेला. पुढे ‘पृथिव्यै समुद्रपर्यन्तायाः एकराट्’, समुद्राने वेढलेल्या पृथ्वीचा एकमेव राजा.

म्हणताना चार जागी हमखास घसरते. ‘स्वाराज्यं’चे ‘स्वराज्यं’ होते. छापील आरतीसंग्रहांत ‘महाराज्यम्’ असते, ब्राह्मणग्रंथात ‘माहाराज्यम्’ आहे. ‘सार्वायुष आन्तादापरार्धात्’ हे ‘सार्वायुषान्’ आणि ‘तादापरार्धात्’ असे तोडतात. त्यामुळे ‘तादा’ नावाची कुठलीशी वस्तू आहे असे वाटू लागते. खरी फोड ‘सार्वायुषः, आ अन्तात्, आ परार्धात्’ अशी आहे: अंतापर्यंत, परार्धापर्यंत. परार्ध ही संख्यागणनेतली शेवटची पायरी. चौथी जागा शेवटच्या ‘एकराळिति’ची. ‘एकराट्’पुढे ‘इति’ आला की ट् चा ड् होतो, आणि ऋग्वेदी परंपरेत दोन स्वरांमधला ड हा ळ म्हणून उच्चारतात. ‘अग्निमीळे’तला ळ तो हाच. तेव्हा हा शब्द ‘विक्राळ’सारखा ‘एकराळ’ नाही. ‘एकराट् असे’ एवढाच त्याचा अर्थ.

आता हे कोण कोणाला म्हणते आहे ते पाहू. प्रसंग ‘ऐन्द्र महाभिषेका’चा आहे. इंद्राला जसा अभिषेक झाला तसा क्षत्रियाला करताना पुरोहिताने हे सर्व त्याच्यासाठी इच्छावे, असे तिथे सांगितले आहे. त्याच्या लगेच पुढचा भाग आरतीत येत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. अभिषेक करायचा तो ‘शापयित्वा’, म्हणजे राजाला शपथ घालून. शपथेचे शब्दही दिले आहेत. त्यांचा सारांश असा: ज्या रात्री मी जन्मलो आणि ज्या रात्री मरेन, त्या दोहोंमधले माझे सारे इष्टापूर्त (यज्ञ व लोकोपयोगी कामे यांचे पुण्य), माझा लोक, माझे सुकृत, आयुष्य आणि संतती तू हिरावून घे, जर मी तुझा द्रोह केला तर. सार्वभौम व्हायचे ते शपथेच्या अटीवर. आपण गाताना पदव्या ठेवल्या आणि अट गाळली.

त्या पदव्यांची यादीही चढत्या क्रमाची नाही. लागूनच वर दिशा सांगितल्या आहेत. पूर्वेकडचे राजे साम्राज्यासाठी अभिषिक्त होतात, त्यांना सम्राट म्हणतात. दक्षिणेकडे सत्वतांचे राजे भौज्यासाठी, ते भोज. पश्चिमेकडचे स्वाराज्यासाठी, ते स्वराट. उत्तरेला हिमवंतापलीकडे उत्तरकुरू व उत्तरमद्र वैराज्यासाठी, ते विराट. मध्यदेशात कुरु-पांचालांचा नुसता राजा. म्हणजे हे प्रांतोप्रांतीचे शब्द होते. कोकणात कुड्याच्या लेण्यांत ‘महाभोज’ हे पद कोरलेले आढळते, तेव्हा दक्षिणेतला भोज केवळ पोथीतला नव्हता. सम्राट मोठा की विराट, हा वाद त्या ग्रंथापुरता तरी निरर्थक आहे. त्यांतून निराळा पडतो तो सार्वभौम, कारण त्याला दिशाच नाही. सगळी भूमी त्याची.

जाता जाता: मंत्रपुष्पांजलीतली सर्वांत भारदस्त पदवी ‘राजाधिराज’ ही कोणत्याही राजाला नसून कुबेराला आहे. हा दुसरा मंत्र तैत्तिरीय आरण्यकातला. धनाच्या देवालाच राजांचा राजा म्हणायचे, हे कोणत्याही काळात समजण्यासारखे आहे.

अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशापर्यंत येताना शब्दांना पायऱ्या लागल्या. भोवतालचे सगळे सामंत ज्याला नमतात तो अधीश्वर; चक्रवर्ती आणि सार्वभौम हे एकमेकांचे पर्याय; बाकीचा राजा मंडलेश्वर. सम्राट व्हायला मात्र राजसूय यज्ञ, मंडलावर स्वामित्व आणि इतर राजांवर आज्ञा अशा अटी आहेत. मराठी वृत्तपत्रांचा लाडका ‘अनभिषिक्त सम्राट’ या हिशेबात बसत नाही. पण तिथे विरोधाभास जाणून केलेला आहे, म्हणून तो शब्दप्रयोग आम्हाला मान्य आहे. साखरसम्राटांचा राजसूय कोणता, ते ज्याचे त्याने ठरवावे. सम्राटमधला ‘म्’ का टिकतो, ‘संराट’ का होत नाही, यालाही पाणिनीचे स्वतंत्र सूत्र आहे (८.३.२५).

मंडलेश्वराचा मागमूस मराठीत ‘मांडलिक’ या शब्दात उरला. सार्वभौमचा नेमका विरुद्धार्थी शब्द हाच. मांडलिकाला राज्य असते, गादी असते, सैन्यही असते. फक्त त्याच्या वर कोणीतरी असतो. आणि ‘सगळी भूमी’ म्हणजे खरोखर सगळी पृथ्वी हेही कोणी शब्दशः घेत नव्हते. कौटिल्याने चक्रवर्तीचे क्षेत्र चक्क मोजून दिले आहे: हिमालय ते समुद्र, सहस्र योजने.

हे सगळे दगडावर वाचायचे असेल तर त्रिरश्मी, म्हणजे पांडवलेण्यांचा, डोंगर चढावा. तीन क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत गौतमी बलश्रीचा लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात, म्हणजे मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, वारल्यानंतर, नातवाच्या काळात तो कोरला गेला. त्यात गौतमीपुत्राला ‘राजरञो’ म्हटले आहे, राजांचा राजा. ‘सार्वभौम’ हा शब्द त्यात नाही, पण शब्दाची व्याख्या आहे. ‘सवराजलोकमंडलपतिगहीतसासनस’: सगळ्या राजांच्या मंडळाने ज्याचे शासन स्वीकारले आहे असा. आणि ‘तिसमुदतोयपीतवाहनस’: ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. ऐतरेयातली ‘समुद्रपर्यन्ता पृथिवी’ आणि अमरकोशातले नमणारे सामंत इथे एका प्राकृत समासमालिकेत भेटतात. असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती अशी प्रदेशांची नावेही पुढे आहेत, म्हणजे ‘सगळी भूमी’ म्हणजे नेमकी कुठली याचा तपशीलच. यांतले मुळक म्हणजे प्रतिष्ठान-पैठणचा प्रदेश.

पण आईने लेकाची केलेली स्तुती बाजूला ठेवू. त्याच लेण्यात खुद्द गौतमीपुत्राचे दोन हुकूम आहेत, आणि सत्ता प्रत्यक्षात कशी चालते हे त्यांतून जास्त कळते. अठराव्या वर्षीचा हुकूम नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्याला (कारभाऱ्याला) आहे. पश्चिम कखडी गावातले दोनशे निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) शेत, जे तोवर उषवदाताच्या भोगवट्यात होते, ते त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्यावे. उषवदात हा क्षहरात कुळातल्या क्षत्रप नहपानाचा जावई. त्याची स्वतःची दाने दहा क्रमांकाच्या लेण्यात कोरलेली आहेत. जुन्या सत्तेच्या माणसाकडची जमीन नव्या राजाच्या एका ओळीने हलली. त्या शेताला सवलती दिल्या त्याही पाहाव्यात: ‘अपावेसं’, कोणी शिपाईप्यादा आत शिरणार नाही, ‘अनोमसं’, कोणी हात लावणार नाही, ‘अलोणखादकं’, मीठ खणणार नाही, ‘अरठसविनयिकं’, प्रांताचे अधिकारी कारभारात पडणार नाहीत. राजाला काय काय करता येत होते याची ही उलटी यादी आहे. जे करता येत होते, तेच इथे माफ केले.

चोविसाव्या वर्षीचा दुसरा हुकूम आणखी बोलका आहे. पहिले शेत कसले जात नाही, ते गावही वसलेले नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातली शंभर निवर्तने द्यावीत. तीन समुद्रांचे पाणी प्यालेल्या घोड्यांच्या धन्याचा हुकूमही कूळ नसलेल्या शेतात उगवत नाही. मात्र तो दुरुस्त करायचा अधिकार पुन्हा त्याचाच होता. दुसऱ्या कोणाकडे अर्ज करावा लागला नाही.

हीच गोष्ट नाण्यांत दिसते. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, सगळी नहपानाची. त्यांतली सुमारे दोन तृतीयांश गौतमीपुत्राने पुन्हा ठोकलेली: राजाच्या मुखवट्यावर कमानींचा डोंगर आणि आपले नाव, मागल्या बाजूस उज्जैन चिन्ह (चार टोकांना वर्तुळे असलेली फुली). चांदी तीच ठेवून वरचा शिक्का बदलायचा. आधीच्या सत्तेचे चलन रद्द न करता ती सत्ताच पुसायची, याहून स्वच्छ रीत नाही.

‘प्रादेशिक क्षत्रप’ हा आपल्या राजकीय बातम्यांतला शब्दही याच डोंगरावर भेटतो. प्राचीन पर्शियन भाषेत तो राज्याचा रक्षक, म्हणजे सम्राटाने नेमलेला प्रांताधिकारी. पुढे क्षत्रप बळावले आणि आपली नाणी पाडू लागले. नहपानाच्या नाण्यांवर ‘राजा’ असे आहे, लेण्यांतल्या लेखांत ‘क्षत्रप’. नाव नेमलेल्याचे, वागणे मालकाचे. प्रादेशिक नेत्यांना हा शब्द का चिकटला हे यावरून लक्षात येईल. संस्कृत ‘क्षत्र’, पर्शियनमधला ‘शाह’ आणि आपण रोज वापरतो तो ‘शहर’ हे सगळे एकाच मुळाचे. ‘शहर’चा आधीचा अर्थ राज्य असा होता.

आता आजचा अर्थ. तो मात्र यांतल्या कशातूनही सरळ उतरलेला नाही. इंग्रजीतला ‘सॉव्हरिन’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘सुपर’ आहे, म्हणजे ‘वर’. त्याच्या स्पेलिंगमधला ‘जी’ उपरा आहे. राज्य करणे या अर्थाच्या ‘रेन’ या शब्दाशी नाते आहे अशा गैरसमजातून तो घुसला. फ्रेंच कायदेपंडित झाँ बोदँ याने १५७६ मध्ये या कल्पनेला शास्त्रीय रूप दिले: राज्याची निरपेक्ष आणि शाश्वत सत्ता. आपल्या शब्दात विस्तार आहे, त्यांच्या शब्दात उंची. सार्वभौम राजा किती दूरवर आज्ञा चालवतो ते आपण विचारत होतो. त्यांचा प्रश्न, त्याच्या डोक्यावर कोणी आहे का, हा. मराठीत पहिला शब्द दुसऱ्या कल्पनेसाठी घेतला. त्यात गैर काही नाही. शब्दांची कामे बदलतात. फक्त वापरताना कोणता अर्थ चालू आहे याचे भान हवे. भूतानसारखा छोटा देश सार्वभौम आहे आणि त्याची ‘सर्व भूमी’ फारशी मोठी नाही.

संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य’ असे आहे. हिंदीने ‘सम्पूर्ण प्रभुत्व-सम्पन्न’ अशी फोड केली. ती बोजड आहे, पण अर्थ सांगते. मराठीचा शब्द देखणा आहे आणि स्वतःचा अर्थ सांगत नाही. अडचणीचे मूळ हेच. कानडीत तर ‘सार्वभौम’ म्हणजे आजही सम्राट.

मग एखादी संस्था सार्वभौम आहे की नाही हे कसे ओळखायचे? तिला अधिकार कोणी दिला, तिचा निर्णय दुसरा कोणी रद्द करू शकतो का, आणि तिलाच कोणी बरखास्त करू शकतो का, एवढे विचारले तरी भागते. महापालिकेच्या महासभेला लावून पाहू. तिचे अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातून आले. हा मूळचा १९४९ चा मुंबई प्रांतिक कायदा. त्याच कायद्याच्या कलम ४५१ खाली, ठराव कायद्याविरुद्ध किंवा अधिकाराबाहेरचा आहे असे राज्य शासनाचे मत झाले तर ते त्याची अंमलबजावणी थांबवू शकते आणि पुढे तो विखंडित, म्हणजे रद्दही, करू शकते. ‘ठराव विखंडनासाठी शासनाकडे’ ही बातमी आपल्याच पानावर असते. कलम ४५२ खाली तर महापालिकाच विसर्जित होऊ शकते. ज्याचा ठराव मंत्रालयात विखंडित होतो, ते सभागृह सार्वभौम म्हणायचे तरी कसे? ते महापालिकेपुरते सर्वोच्च आहे. आयुक्त, स्थायी समिती, प्रभाग समित्या यांच्या वर आहे. ‘सर्वोच्च’ला खाली शिडी लागते आणि ‘सार्वभौम’ला वर काही असून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे नाव म्हणूनच अचूक आहे.

ग्रामसभेचेही तसेच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरसारख्या अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने तिला भक्कम अधिकार दिले. गौण खनिज, गौण वनोपज, सावकारी यांत तिचा शब्द मोलाचा आहे. पण ते अधिकार संसदेच्या कायद्याने दिले, म्हणजे देणारा कोणी आहे. तिला सार्वभौम म्हणून गौरवण्यापेक्षा कोणत्या विषयात तिची संमती बंधनकारक आहे आणि कोणत्या विषयात नुसता सल्ला घ्यायचा आहे, हे बातमीत आले तर गावाला अधिक उपयोग होईल. सर्वांत जास्त गफलत इथेच होते: सल्ला आणि संमती एकच समजून ठराव केला जातो, आणि तो वर टिकला नाही की ‘सार्वभौम ग्रामसभेचा अपमान’ असा मथळा येतो.

राज्याच्या विधिमंडळाबद्दल हात जरा आखडून लिहावे लागते, तरी लिहितो. संविधानाच्या अनुच्छेद ३ प्रमाणे राज्याच्या सीमा संसद साध्या कायद्याने बदलू शकते. राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, ते मानावे लागत नाही. १ मे १९६० रोजी आपले राज्य झाले तेही संसदेच्या कायद्यानेच. आणि संसद? ब्रिटनची संसद सार्वभौम मानली जाते, कारण तिथे तिच्या वर लिखित संविधान नाही. आपल्याकडे विधानसभेचे विशेषाधिकार आणि न्यायालय यांचा संघर्ष उत्तर प्रदेशात १९६४ मध्ये पेटला, तेव्हा राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या पीठाने हा फरक स्पष्ट केला: भारतात श्रेष्ठत्व संविधानाचे. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने, सात विरुद्ध सहा मतांनी, संविधान दुरुस्त करण्याच्या अधिकारालाही मूलभूत चौकटीची मर्यादा घातली. देश सार्वभौम आहे, आणि उद्देशिका ‘आम्ही, भारताचे लोक’ या शब्दांनी सुरू होते. सभागृहे, न्यायालये, सरकारे आपापल्या कक्षेत कितीही वरची असोत, त्यांच्या अधिकाराचे उगमस्थान दुसरीकडे आहे.

ताकद आणि सार्वभौमत्व वेगळे, हे मराठ्यांच्या इतिहासाने फार नेमके दाखवले आहे. अठराव्या शतकात निर्णय पुण्यात होत, तरी पेशव्यांच्या शिक्क्यात आधी ‘शाहू नरपति हर्षनिधान’ आणि मग ‘मुख्य प्रधान’. अधिकार कोणाकडून आला हे शिक्क्यात लिहिल्याशिवाय कागद चालत नसे. उलट बाजूचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातले: सुरगाणा. इंग्रजी अमदानीत ते स्वतंत्र संस्थान होते, त्याचा स्वतःचा संस्थानिक होता, पण वर ब्रिटिश अधिसत्ता होती. १९४७ च्या कायद्याने ती अधिसत्ता संपली आणि पुढे संस्थान विलीन झाले. अशा जागी ‘सार्वभौम सत्ता’ न लिहिता ‘अधिसत्ता’ लिहावे. दुसऱ्याच्या राज्यावर वरून चालणारी सत्ता ती अधिसत्ता. आणि पक्षात ज्याचे चालते तो ‘सर्वेसर्वा’. हा अस्सल बोलीतला शब्द असताना नेत्याला सार्वभौम करण्याचे कारण नाही.

सोन्याच्या रोख्यांबद्दल थोडे, कारण तिथे गैरसमज पैशांत पडतो. ‘सार्वभौम सुवर्ण रोखे’ यात सार्वभौम म्हणजे भारत सरकार, म्हणजे कर्ज घेणारा. हे रोखे सरकारच्या वतीने रिझर्व्ह बँकेने काढले. मुदत आठ वर्षे, पाचव्या वर्षानंतर व्याजाच्या तारखांना बाहेर पडण्याची सोय, व्याज नंतरच्या मालिकांत वर्षाला २.५ टक्के आणि तेही गुंतवलेल्या मूळ रकमेवर. परतफेडीचा भाव आधीच्या तीन कामकाजाच्या दिवसांतल्या ९९९ शुद्धतेच्या सोन्याच्या सरासरी भावावरून ठरतो. सरकारची हमी पैसे देण्याची आहे, भावाची नाही. सराफ बाजारात सोने उतरले तर रोखाही उतरतो. ‘सार्वभौम’ याचा अर्थ ‘सर्वांत सुरक्षित भाव’ असा घेऊन कोणी दागिन्यांची मोड रोख्यांत घातली असेल, तर चूक त्याच्या गणिताची नसून शब्दाच्या मोघम वापराची आहे. अशा बातमीत ‘भारत सरकारचे सुवर्ण रोखे’ एवढे लिहिले तरी काम होते.

शेवटी ते हिंदी वळण. हिंदीत ‘सार्वभौम’ आणि ‘सार्वभौमिक’ हे ‘सगळ्या जगाला लागू’ या अर्थानेही चालतात. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या हिंदी नावात ‘सार्वभौम घोषणा’ असेच आहे. मूळ अर्थाला धरून पाहिले तर ते चूक नाही, उलट जुन्या ‘सर्वभूमि’च्या जवळचे आहे. पण मराठीत हा शब्द राज्यसत्तेला बांधला गेल्यावर ‘सार्वभौमिक लसीकरण’, ‘सार्वभौमिक मूल्ये’ असे यंत्राने केलेल्या भाषांतरातून आलेले प्रयोग वाचकाला अडवतात. तिथे प्रसंग पाहून सार्वत्रिक, वैश्विक किंवा सरळ ‘सर्वांसाठी’ लिहावे. ‘सर्वोच्च’, ‘सार्वभौम’, ‘सार्वत्रिक’, ‘अधिसत्ता’ आणि ‘सर्वेसर्वा’ हे पाच शब्द अर्थांसह आपल्या उपसंपादकांच्या टेबलावर चिकटवले, तर पुढच्या महासभेच्या बातमीपासूनच फरक दिसेल.

कळावे,

आपले नम्र,
संस्कृत, प्राकृत व कायद्याच्या मराठीचे काही अभ्यासक,
नाशिक